जुनं गाणं कशाला म्हणायचं

रोजच्यासारखं असं शेवटचं काम आम्ही दोघांनी, मी आणि भोंगेवाल्यानं, केलं ते रेकॉर्डी पुसायचं. सोमवार होता, दिवस मावळायला अजून तासभर होता. वाटीभर पाणी, त्यात दोन रिठे चोळलेले, आणि माझ्या जुन्या धोतराचा तुकडा. टँकर तेव्हा तीन दिवसांनी एकदा यायचा, म्हणून वाटीभरच. तो रेकॉर्ड उभी धरायचा, मी पुसायचो. माझा हात आडवा गेला की खेकसायचा, "रेघंच्या संगं जा बे. तवा घासतोस का?" पुसून झाल्यावर ते काळं पाणी त्यानं खिडकीतून हात काढून खालच्या लिंबाच्या रोपट्याला घातलं. दुसऱ्या दिवशीच्या आठ रेकॉर्डी एकावर एक रचल्या, पहिली लावायची ती सगळ्यात वर. मग भर चैत्रात गळ्याला मफलर गुंडाळला आणि म्हणाला, "कुलूप वढून बघ." मी कुलूप ओढून बघितलं. तो स्टँडकडे गेला.

झालं, एवढंच. शेवटचं आहे हे माहीत असतं तर काहीतरी बोललो असतो असं लोक म्हणतात. मी काही बोललो नसतो. आम्ही दोघंही तसले नव्हतो.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. सोळा-सतरा हंगाम ऊस तोडला, मग कंबर गेली आणि गावातल्या माणसाच्या वशिल्यानं दूध संघात लागलो. बीडच्या रस्त्याला संघाची इमारत होती. खाली दूध थंड करायचं मशीन, वर दोन खोल्यांत रेडिओ. हा रेडिओ म्हणजे मुंबईचा नव्हे, आमचाच. टेकडीच्या अलीकडच्या गावांत ऐकू यायचा. टँकर कुठल्या गावाला कधी येणार, चारा छावणीत नाव कसं लावायचं, म्हशीचा पान्हा आटला तर काय करायचं, असलं सांगायचा. बातम्या वाचायला बीडची एक शिकलेली पोरगी होती, ती सातला यायची. सहा ते सात जुनी गाणी. त्या तासाला इमारतीत वर आम्ही दोघंच, तो आणि मी. तो गाणी लावायचा, मी जनरेटर चालवायचो. लाइट पहाटे जायची ती आठला यायची, म्हणजे जनरेटर नसला तर रेडिओ नाही.

तो मूळचा भोंगेवाला. लग्नात भोंगा लावायचा धंदा. नेकनूरपासून इकडे अशी एक वरात नसेल जिच्यापुढे त्याचा भोंगा वाजला नाही. दुष्काळ पडला, लग्नं देवळात उरकायला लागली, आणि त्याच्याकडे रेकॉर्डींनी भरलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या तेवढ्या राहिल्या. संघाला गाणी पाहिजे होती. चेअरमन साहेबांनी त्याला पेट्यांसकट बोलावून घेतला.

पहिल्याच दिवशी त्या पोरीनं विचारलं, "काका, जुनी म्हणजे कुठल्या सालाच्या आधीची? मला कॉम्प्युटरमध्ये वेगळी करावी लागतील."

तो म्हणाला, "साल मला कळत न्हाई, बाई. जे गाणं गुणगुणणारं मानूस मेलं, ते जुनं. मानूस जित्तं हाय तवर गाणं नवंच."

चेअरमन साहेब मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं भोंगेवाला गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता.

त्याची रीत अशी होती. आसपासच्या गावात कुणी गेलं की हा तेराव्याला हजर. बोलावणं असो नसो. जेवायचा नाही, कोपऱ्यात बसायचा. पंगती उठल्या की घरच्या माणसाजवळ जाऊन विचारायचा, "काय गुणगुणायचे?" बाकी एक शब्द नाही. सांगितलं की उठून निघायचा. मग दोन-चार दिवसांनी सकाळच्या तासाला ते गाणं लागायचं. नाव घ्यायचा नाही, गाव घ्यायचा नाही. फक्त गाणं. ज्याच्या घरचं आहे त्याला कळतं, बाकीच्यांनी धारा काढाव्यात, असं त्याचं म्हणणं.

लोक त्याला दहाव्याचा कावळा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. तो म्हणायचा, "कावळा दहाव्याला येतो, मी तेराव्याला. फरक हाय."

फर्माईश त्याला चालायची नाही. एक पेंडवाला होता, आमच्या संघाला पेंड पुरवायचा, वजनदार माणूस. त्यानं एकदा खालून वर येऊन आपल्या आवडीचं गाणं सांगितलं. हा म्हणाला, "तुमी जित्ते हाव न्हवं का?"

"म्हंजे?"

"आधी मरा, मंग लावतो."

पेंडवाला खाली गेला तो परत जिना चढला नाही.

एका गावचे जुने पाटील गेले. मोठं घर, पोरं राजकारणात. पोरांनी ह्याला सांगितलं, बाबा अभंग म्हणायचे. हा निघाला. वेशीपर्यंत आला तर मागून सून धावत आली, पदर तोंडात धरून म्हणाली, "काका, अभंग नव्हं. मामंजी म्हशीला पाणी पाजताना तमाशातलं म्हणायचे. ते जरा वंगाळ हाय." ह्यानं ते वंगाळच लावलं. सकाळी साडेसहाला. सगळ्या गावानं पाटलाला विहिरीवर ते म्हणताना तीस वर्षं ऐकलं होतं. सगळं गाव हसलं, आणि माझ्या कानावर आलं की निम्मं गाव रडलं. आठ वाजता पाटलाची दोन पोरं जीपमधून आली. "आमच्या बापाची अब्रू घेतो काय रे म्हाताऱ्या?" एकानं त्याची गचांडी धरली, मफलरच हातात आला. हा म्हणाला, "तुमच्या बापाची हाय ती अब्रू. मी कुठनं घिऊ?" मारलंच असतं त्यांनी, पण मागच्या सीटवर पाटलीणबाई बसल्या होत्या. त्यांनी जीपमधनंच हाक मारली, "अरे सोडा त्याला. आन् त्याला म्हणावं, येकदा आजून लाव."

त्यानं नाही लावलं. एका माणसाला एकदाच, हाही त्याचा नियम होता.

बांगड्या भरणारे एक चाचा गेले, तेव्हा त्यांच्या घरच्या म्हणाल्या की चाचा नुसतीच चाल गुणगुणायचे, शब्द नव्हते. त्यांनी चाल म्हणून दाखवली. दोन महिने हा ती चाल तोंडात न आणता डोक्यात घेऊन फिरला. शेवटी त्याला सापडलं. तंबूतल्या सिनेमात पडदा वर जाताना वाजवायचे ती धून होती. चाचा तरुणपणी तंबूच्या दारावर तिकिटं फाडायला होते. त्याच्या तिसऱ्या पेटीच्या तळाला ती रेकॉर्ड होती. अर्धी तडकलेली. लावली तशीच.

तोंडात न आणता असं मी लिहिलं, कारण हा माणूस स्वतः कधी गुणगुणला नाही. वीस वर्षं भोंग्याजवळ आणि नंतर रेडिओत, पण ओठ हलले नाहीत. मी एकदा विचारलं, "कावून बे, तुला येत न्हाई का?" म्हणाला, "मी मेल्यावर तुला कामाला लागंल म्हनून. तुला एक रेकॉर्ड सरळ पुसता येत न्हाई, तू माझं गाणं काय हुडकशील?"

चहा आम्ही एकच मागवायचो. तो अर्धा बशीत ओतून मला द्यायचा, अर्धा कपातला तो प्यायचा. बशी नेहमी मला. इतक्या वर्षांत त्यानं एकदाच मला बशी दिली नाही, ते सांगतो.

आमची गेली ती वैशाखात. त्याच्या जाण्याच्या आदल्या साली. टँकरवरून दोन हंडे घेऊन आली, एक डोक्यावर, एक काखेत. उतरवून ठेवले, झाकले, आणि भिंतीला टेकून बसली. मी म्हणालो, चहा टाक. ती उठली नाही. मी परत म्हणालो, जोरात. हे लिहायला नको वाटतं, पण मग कशाला लिहायचं? मेलेल्या बाईवर मी चहासाठी ओरडलो. आमच्या संसारातलं माझं शेवटचं बोलणं ते.

दहाव्याला नदीच्या कोरड्या पात्रात पिंड ठेवला. कावळा शिवेना. बाभळीवर बसून होता, बघत होता, खाली येत नव्हता. असं झालं की गेलेल्याचं काहीतरी मागं राहिलंय म्हणतात, आणि घरचे एकेक कबूल करत जातात. मी म्हणालो, म्हैस विकणार नाही. लेकीला दिवाळीला घेऊन येईन. तुझ्या बहिणीला अंतर देणार नाही. लोक म्हणाले, आठवा, आणखी काय होतं तिच्या मनात? मला आठवेना. आठवायला कधी विचारलेलं पाहिजे ना. ऊन डोक्यावर आलं, म्हाताऱ्या माणसांचे पाय भाजायला लागले, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला शिववला. गवताचा कावळा. सगळे घरी गेले.

तेराव्याला तो आला. कोपऱ्यात बसला. सगळे गेल्यावर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मला माहीत होतं काय विचारणार ते. मी त्याच्याबरोबर काम करत होतो, त्या प्रश्नावर मीच किती वेळा हसलो होतो.

"काय गुणगुणायची?"

मी घरोघर असतं तसलं एक देवीचं गाणं सांगितलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुज्या लेकीच्या लग्नात मी हे तीनदा लावलं. ती भाकरी थापत व्हती. मान वर केली न्हाई."

"मंग दुसरं कायतरी लाव."

"कायतरी मी लावत न्हाई. हुडक."

आणि गेला. मला राग आला. नंतर राग गेला आणि मी हिशेब करायला लागलो. छत्तीस वर्षं संसार. त्यातले सोळा-सतरा हंगाम आम्ही दोघं मिळून एक कोयता होतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयताच धरतात. मी तोडायचो, ती मागं मोळ्या बांधायची. दिवसभर माझ्या पाठीमागं दोन हातांवर. आणि ती काय गुणगुणायची ते मला सांगता येत नव्हतं.

मी विचारत फिरलो. टँकरच्या रांगेत शेजारच्या बायांना विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. "वैनी बोलायच्याच कुटं दादा, गुणगुणतील काय?" अंबाजोगाईला लेकीला फोन केला. ती घाबरली. "आई आन् गाणं? बाबा, तुमी जेवताव ना येळंवर?" सकाळी मी जनरेटर लावून वर गेलो की तो रचलेल्या रेकॉर्डींकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "आजबी तिची न्हाई." रोज. दुसरा कुणी असता तर समजून घेऊन गप्प बसला असता.

शेवटी नेकनूरला मेहुणीकडे गेलो. ती आमच्या टोळीत पहिले दोन हंगाम होती. म्हशीला गवत टाकत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं.

ती थांबली. म्हणाली, "दाजी, तुमी खरंच इचारताव का?"

"खरंच."

"अवो, तुमीच तर बंद केलं."

मला काही समजेना. तिनं सांगितलं. पहिलाच हंगाम, लग्नाला सहा महिने झालेले. थंडीत फडात उतरलो की आमची मोळ्या बांधता बांधता म्हणायची. आवाज चांगला होता. मागच्या-पुढच्या कोयत्यांचे गडी हात थांबवून ऐकायचे. मुकादम पण एकदा बांधावर उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी दुपारी मी सगळ्यांदेखत तिच्या अंगावर ऊस टाकला आणि म्हणालो, "तोंड बंद. गडी रिझवायला आणलीय का तुला?"

"ती हसली दाजी. चूक झाली म्हनली. तवापासनं कवाच न्हाई."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. एवढं बोललो आणि विसरून गेलो, आणि ती विसरली नाही.

"काय म्हणायची?" मी विचारलं.

मेहुणी खूप वेळ आठवत बसली. मग मान हलवली. "आता कुनाला ठावं. पस्तीस वर्सं झाली. माघात ऊन पडताना म्हणायची, एवढं ध्यानात हाय."

दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळं सांगितलं. ऊस टाकल्याचं पण सांगितलं. वाटलं शिव्या देईल, नाहीतर दोन बरे शब्द बोलेल. त्यानं दोन्ही केलं नाही. रेकॉर्डीवरची धूळ फुंकत म्हणाला, "मंग त्येच लावावं लागंल."

"काय?"

"जे तुमच्या घरात वाजत व्हतं ते."

मंगळवारी त्यानं ते लावलं. चौथ्या गाण्यानंतर एक रेकॉर्ड चढवली, ती फिरायला लागली, आणि सुईचा दांडा उचलून तसाच वर धरला. सुई टेकवलीच नाही. मी काचेच्या अलीकडून बघत होतो. रेकॉर्ड फिरत होती आणि रेडिओवर काही नव्हतं. खाली कॅनचा आवाज थांबला. कुणीतरी म्हणालं, "गेला का रे रेडिओ?" त्याचा हात हलत नव्हता. एका गाण्याएवढा वेळ.

तेवढ्यात माझ्याजवळचा फोन वाजला. चेअरमन साहेब धारेच्या वेळेला रेडिओ लावूनच असायचे.

"काय झालं रे? आवाज कावून न्हाई?"

मी काचेतून त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

मी म्हणालो, "जनरेटर बंद पडला, साहेब."

"झोपा काढतोस का तिथं? परत पडला तर घरी बसवीन."

"जी साहेब."

त्यानं दांडा जागेवर ठेवला, रेकॉर्ड बदलली, पाचवं गाणं लावलं. मग चहा आला. तो त्यानं कपातला कपात सगळा प्याला आणि रिकामी बशी माझ्यापुढे सरकवली.

त्याच आठवड्यात मेहुणी शेंगा घेऊन घरी आली. बसली, इकडचं तिकडचं बोलली आणि जाताना उंबऱ्यात थांबली. "दाजी, मंगळवारी रेडिओ गप झाला व्हता. मी धारंला बसले व्हते. ते तिचं व्हतं का?"

मी म्हणालो, "छे. जनरेटर पडलता."

तिनं मान हलवली, चप्पल घातली आणि गेली. परत आली नाही. ना संक्रांतीला, ना कशाला. मी पण गेलो नाही. दहाव्याला कबूल केलं होतं तिला अंतर देणार नाही म्हणून. कावळ्याला सगळं आधीच माहीत असावं.

भोंगेवाल्यानं पुन्हा बशी द्यायला सुरुवात केली, पण ती गोष्ट सोडली नाही. मी कधी गप्प बसलो, कुणाला उत्तर दिलं नाही, की म्हणायचा, "काय रे, जनरेटर पडला का?" वर्षभर. मला शिव्या चालल्या असत्या त्यापेक्षा.

आणि मग तो सोमवार. रेकॉर्डी पुसून तो स्टँडवर गेला, नेकनूरच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला. गाडी आली. कंडक्टरनं ओळखीचा म्हणून हाक मारली, "चला भोंगेवाले." तो उठला नाही. मला निरोप आला तेव्हा मी म्हशीला पेंड टाकत होतो. तसाच गेलो. त्याला बायको-पोरं नव्हती, भावकीतले चौघं आले. रात्री उशिरा सगळं उरकलं. भावकीतला एकजण परत येताना म्हणाला, दहावा-तेरावा कोण करणार, सगळं तिथल्या तिथंच झालं म्हणायचं.  

सकाळी साडेपाचला मी संघात गेलो. कुलूप काढलं. जनरेटर चालू केला. वर गेलो, त्याच्या खुर्चीवर बसलो. इतकी वर्षं काचेतून बघितलं होतं, कुठलं बटण दाबायचं ते माहीत होतं. सहाला त्याच्या ढिगातली सगळ्यात वरची रेकॉर्ड उचलून लावली. मग दुसरी. तिसरीला सुई थोडी घसरली. कुणाकुणाच्या घरची गाणी होती ती त्यालाच ठाऊक. मी आठही दोन्ही बाजूंनी लावली, त्यानं रचली तशी.

आठवी संपली. सातला पाच मिनिटं कमी होती. तेराव्यापर्यंत थांबायचा त्याचा नियम होता. मी थांबलो नाही. तीच रेकॉर्ड फिरत ठेवली आणि दांडा वर धरला. दिसायला सोपं असतं, पण हात भरून येतो. खाली कॅनचा आवाज थांबला.

फोन वाजला. मी दुसऱ्या हातानं घेतला.

"आज परत पडला का जनरेटर?"

"न्हाई साहेब. जनरेटर चालू हाय."

"मग आवाज?"

"मी बंद ठिवलाय. भोंगेवाल्यासाठी. आन् साहेब, त्या मंगळवारीबी जनरेटर पडला नव्हता."

ते काहीतरी बोलत होते. मी फोन टेबलावर ठेवून दिला. हात दुखायला लागला तरी दांडा खाली सोडला नाही. एका गाण्याएवढा वेळ झाल्यावर ठेवला. ती पोरगी आली, दारात उभी राहून रडत होती. तिला खुर्ची दिली, जनरेटरकडे लक्ष ठेव म्हणालो आणि खाली उतरलो. वाटी खिडकीत तशीच होती, कोरडी.

साडेसातची नेकनूरची गाडी मिळाली. मेहुणी अंगणात चुलीपुढे बसली होती. मला बघून उठली, काही बोलणार होती. मी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "जनरेटर पडला नव्हता. ते तिचंच व्हतं."